सुट्टीनंतरची सहावी रात्र: कोविडमधून घरी आलेल्या एका रुग्णाची पुन्हा भरती

दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीत माझा दवाखाना आहे. खाली लिहिलेलं प्रकरण एप्रिल २०२१ मधलं आहे. कुटुंबाला विचारून लिहितो आहे. वय, नोकरी, घराचा पत्ता यांत थोडे फेरफार केले आहेत आणि दोन्ही रुग्णालयांची नावं मुद्दाम गाळली आहेत. यात चूक एकाची नाही. त्यातली एक माझीही आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

रुग्ण साठीच्या पुढचे, निवृत्त. त्यांना इथे काका म्हणतो. अकरा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांवर बरा चाललेला. उपाशीपोटी साखर १३० ते १४० च्या घरात. बीपी नाही, तंबाखू नाही. घर भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात काकू, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात.

१५ मार्चला शहरात कडक टाळेबंदी लागली होती, तरी एप्रिलच्या मध्यावर जिल्ह्यात रोज सहा-सात हजार नवे रुग्ण निघत होते. बेडसाठी लोक ॲम्ब्युलन्समध्ये बसून फोन फिरवत होते. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन मुलं रात्रभर रांगेत उभी राहत. ज्यांनी ते दिवस नागपुरात काढले त्यांना अधिक सांगायला नको.

काकांना तापाच्या आठव्या दिवशी भरती केलं. रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के, सीटी स्कोर (फुप्फुसं किती बाधित आहेत त्याचा आकडा) २५ पैकी १३. एका खासगी रुग्णालयात मुलाच्या ओळखीने बेड मिळाला. पाच दिवस रेमडेसिव्हिर, स्टेरॉइड, रक्त पातळ ठेवण्याची पोटातली इंजेक्शनं, मास्कने ऑक्सिजन. साखर वाढली तशी इन्सुलिन सुरू झालं. सहाव्या दिवसापासून ऑक्सिजन कमी करत आणला, सातव्या संध्याकाळी काढला. आठव्या दिवशी दुपारी सुट्टी. म्हणजे आजाराचा पंधरावा दिवस. उपचारात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. त्या गर्दीत एवढं नीट होणं हीच मोठी गोष्ट होती.

सुट्टीचा निर्णय

मे २०२० मध्ये केंद्राने जे सुट्टीचं धोरण दिलं होतं, त्यात मध्यम आजाराच्या रुग्णाला घरी सोडताना पाहायच्या प्रमुख गोष्टी अशा: औषधाशिवाय ताप नाही, धाप नाही, ऑक्सिजनची गरज नाही, आणि लक्षणं सुरू होऊन दहा दिवस झालेले. काका यातल्या प्रत्येक ओळीत बसत होते. पलंगावर पडल्या पडल्या ऑक्सिजन ९६.

त्यांना उठवून चालवलं मात्र कुणी नाही. पलंग ते बाथरूम एवढाच त्यांचा आठ दिवसांचा प्रवास, तोही बरेचदा भांडं लावून टळलेला. घर कितव्या मजल्यावर आहे हे कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

तिथल्या निवासी डॉक्टरशी मी नंतर बोललो. तरुण पोरगा, तीन आठवडे घरी न गेलेला. तो म्हणाला, "सर, खाली एक बाई ८२ वर होती, कारमध्ये. मी काकांकडे पाहिलं, ते बसून चहा पीत होते. मी काय करायला पाहिजे होतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्यापुढे खरं तर चार वाटा होत्या. अजून दोन दिवस ठेवणं, म्हणजे ८२ वाल्या बाईला परत पाठवणं. कोविड केअर सेंटरला पाठवणं, पण आमदार निवास, पाचपावलीसारखी ती केंद्रं सौम्य रुग्णांसाठी होती. ऑक्सिजनच्या आजारातून उठलेल्या मधुमेह्याची तिथे सोय लागली नसती. भाड्याच्या कॉन्सन्ट्रेटरसह (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) घरी पाठवणं, तर कॉन्सन्ट्रेटर त्या आठवड्यात सोन्याच्या भावाने मिळत होता. चौथी वाट, सरळ घरी. त्याने चौथी धरली. मीही तीच धरली असती. दोन दिवस आधी सोडलं म्हणून पुढचं सगळं झालं, असं मला वाटत नाही. माझं बोट दुसऱ्याच जागी आहे.

सुट्टीच्या कागदावर काय होतं

तो कागद आजही माझ्याकडे आहे. दोन पानं. पहिल्या पानावर तपासण्यांचे आकडे, दुसऱ्यावर औषधं. एकूण सात. त्यांत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १६ मिलिग्रॅम, सकाळी एक गोळी. किती दिवस, तो रकाना कोरा. रक्त पातळ करणारी गोळी रिव्हरोक्साबॅन १०, रात्री एक. मधुमेहाच्या जुन्या दोन गोळ्या "पूर्वीप्रमाणे". इन्सुलिनचा उल्लेख नाही, म्हणजे ते बंद. खाली शिक्का: "७ दिवसांनी ओपीडी".

इथे थांबून दोन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, साखरेची. स्टेरॉइड चालू आणि इन्सुलिन बंद. स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली की तिचा साखरेवरचा भार दुपारनंतर चढतो, संध्याकाळी सर्वांत वर असतो आणि पहाटेपर्यंत बराचसा उतरतो. म्हणजे उपाशीपोटीचा आकडा चांगला येतो. घरोघरी मधुमेह्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की सकाळी उठून, चहाच्या आधी साखर बघा. काकांच्या घरी ग्लुकोमीटर होतं, सून रोज सकाळी बघून वहीत लिहीत होती. १४८, १५२, १४६. वही व्यवस्थित, आकडे खरे, आणि त्यावर विसंबणाऱ्याची पूर्ण फसगत.

शिवाय स्टेरॉइड घरी द्यायचं होतं का, हाही प्रश्न आहेच. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला तेव्हापासून सगळं जग डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊ लागलं. त्या चाचणीत औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि रुग्ण त्याआधी घरी गेला तर तिथेच बंद, असं होतं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसलाच नव्हता. घरी गेल्यावर आठवडा-दोन आठवडे गोळी चालू ठेवायची, ही आपल्याकडे पडलेली पद्धत होती. काही रुग्णांत ती योग्यही असेल, फुप्फुसात सूज रेंगाळते तेव्हा. पण मग थांबवायची तारीख लागते.

दुसरी गोष्ट रिव्हरोक्साबॅनची. कोविडमध्ये रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, माणूस दिवसेंदिवस पडून असतो, गुठळी होण्याचा धोका सुट्टीबरोबर संपत नाही. त्या एप्रिलमध्ये घरी गेल्यावर हे औषध द्यावं की नाही, यावर ठाम पुरावा हातात नव्हता. ब्राझीलमधल्या मिशेल चाचणीने तो नंतर दिला. जास्त धोक्याच्या ३२० रुग्णांत ३५ दिवस रिव्हरोक्साबॅन दिलं तेव्हा गुठळीच्या घटना ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या. म्हणजे ज्याने ते औषध काकांच्या कागदावर लिहिलं त्याचा अंदाज पुढे बरोबर ठरला. फक्त ते औषध काकांच्या पोटात गेलं नाही.

घरी पहिले पाच दिवस

सुट्टी झाली त्या दुपारी ऊन बेचाळीसच्या पुढे. रिक्षातून उतरून काका जिना चढू लागले. अडतीस पायऱ्या. सुनेने नंतर मोजल्या. पहिल्या वळणावर बसले, दुसऱ्या वळणावर पुन्हा बसले. काकूंनी वरून प्लास्टिकची खुर्ची पाठवली. ऑक्सिमीटर पिशवीत होतं, काढायचं कुणाला सुचलं नाही. घरी पोचल्यावर अर्ध्या तासाने लावलं, ९५. सगळ्यांना हायसं वाटलं.

काकूही तोवर पॉझिटिव्ह निघाल्या होत्या, त्या एका खोलीत. दारावर महापालिकेचं स्टिकर. मुलगा औषधं आणायला गेला. दुकानदाराने सातपैकी सहा दिली. "ही एक नाही, परवा या." परवा मुलाला स्वतःलाच ताप. ते "परवा" राहून गेलं. बिलावर सहा ओळी, कागदावर सात. पिशवी फ्रिजवर. घरात कुणालाच माहीत नव्हतं की राहिलेली गोळी कशाची होती. कुणीतरी म्हणालं, व्हिटॅमिनची असंल.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला. त्या दिवशी माझे साठेक कॉल झाले असतील. मी विचारलं: ताप? नाही. ऑक्सिजन? ९५. जेवण? थोडं. खोकला? कमी. "मग छान आहे, आराम करा." काका पलंगावर टेकून बसले होते, मागे कूलरची घरघर. मी त्यांना उठून चार पावलं टाकायला सांगितलं नाही. संध्याकाळची साखर विचारली नाही. सगळी औषधं मिळाली का, हेही नाही. दोन मिनिटं लागली असती. रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरला जे सुचलं नाही ते मलाही सुचलं नाही, आणि मी तर त्यांच्या घराचा जिना स्वतः चढलेला माणूस.

चौथ्या दिवशी तहान वाढली. रात्री पाच-सहा वेळा लघवी. काकू दाराआडून म्हणाल्या, "उन्हाळाच आहे ना जी, कूलरनं घसा कोरडा पडून राहिला असंल." नागपुरात एप्रिलमध्ये कुणालाही पटेल असं कारण. पाचव्या दिवशी उजव्या कुशीत श्वास घेताना टोचू लागलं. गॅस समजून ओवा-काळं मीठ दिलं.

सहावी रात्र

राज्यभर तेव्हा सहा मिनिटं चालून बघण्याची चाचणी सांगितली जात होती. आधी ऑक्सिजन बघायचा, सपाट जागेवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीन टक्क्यांहून जास्त पडला, तर डॉक्टरला गाठायचं. सुनेला हा निरोप मोबाइलवर कुठल्याशा ग्रुपवर आला होता. रात्री नऊच्या सुमारास तिने सासऱ्यांना गॅलरीत चालवलं. आधी ९३. दोन मिनिटांतच ते कठड्याला धरून उभे राहिले. ८५. खुर्चीत बसवलं तरी पाच मिनिटांनी ८९ च.

नऊ चाळीसला तिचा फोन आला. "सर, बाबांचा ऑक्सिजन ९३ आहे पण चालल्यावर ८५ होऊन राहिला. आणि परवापर्यंत ते एवढे दमत नव्हते." त्या रात्रीचं निदान अर्धं या दुसऱ्या वाक्यात होतं. बरा होत चाललेला माणूस पुन्हा मागे गेला होता. फुप्फुसं हळूहळू भरून येताना धाप रेंगाळते हे खरं, पण ती दिवसागणिक थोडी थोडी कमी होते. वाढली तर काहीतरी नवीन घडलंय असं धरून चालावं.

मी तिला तेवढ्यात साखर बघायला सांगितली. ४३१.

वाटा कोणत्या होत्या

मुलगा, स्वतः तापात, फोनवर आला. त्याचं म्हणणं, कोरोना पुन्हा उलटला, रेमडेसिव्हिरची सोय करा, मी कुठूनही आणतो. त्याला समजवायला दहा मिनिटं गेली. आजाराचा एकविसावा दिवस होता, विषाणूचा जोर केव्हाच ओसरलेला. विषाणूविरोधी इंजेक्शनाचा आता उपयोग नव्हता. आरटीपीसीआर पुन्हा केली आणि पॉझिटिव्ह आली तरी काही सिद्ध होत नाही, मेलेल्या विषाणूचे तुकडे काही आठवडे सापडत राहतात. त्याच्या डोक्यात मात्र रेमडेसिव्हिर म्हणजेच उपचार हे इतकं घट्ट बसलं होतं की मी काहीतरी दडवतोय असं त्याला वाटलं. पुढे त्यानेच मला हे सांगितलं.

घरीच ठेवायचं, ही वाट सर्वांत मोहाची होती. मावसभावाकडे पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर होता, तासाभरात आला असता. तो लावला असता तर आकडा ९६ झाला असता आणि घर झोपी गेलं असतं. मला भीती नेमकी त्याचीच होती. कारण न कळता आकडा सुधारला तर धोका दिसेनासा होतो, जागचा हलत नाही. कॉन्सन्ट्रेटर मी मागवायला सांगितला, पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वापरायला.

पहिल्याच रुग्णालयात परत नेणं सरळ होतं, कागदपत्रं तिथे, डॉक्टर ओळखीचे. हेल्पलाइनने सांगितलं, बेड नाही, सकाळी ओपीडीत या. मेडिकलला नेण्याचा विचार केला. (नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, औषधाचं दुकान नव्हे.) मेडिकल काय, मेयो (शहरातलं दुसरं सरकारी रुग्णालय) काय, दोन्हीकडे सगळ्या जिल्ह्याचा भार. त्याच आठवड्यात विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे टँकर नागपुरात उतरले होते, यावरून शहराची अवस्था समजावी.

मग खासगीत फोन सुरू केले आणि एक विचित्र भिंत लागली. कोविड वॉर्डवाले विचारत, "आता पॉझिटिव्ह आहे का? ताजा रिपोर्ट?" नाही म्हटलं की, "मग आमच्यात बसत नाही." नॉन-कोविडवाले म्हणत, "कोविड होऊन वीसच दिवस झाले? मग आमच्याकडे नको." बरा झालेला आजारी माणूस कुठल्याच दारात मावत नव्हता. शेवटी धंतोलीतल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या फिजिशियनला मी झोपेतून उठवलं. त्याला आकडे सांगितले नाहीत आधी, गोष्ट सांगितली: सुधारत होते, मागे गेले, कुशीत टोचतं, साखर चारशेवर, स्टेरॉइड चालू. तो म्हणाला, "गुठळी वाटून राहिली. आण." रात्री साडेबाराला काका खाली उतरले, खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून.

काय केलं

नाडी ११८, ताप नाही, श्वास मिनिटाला २८. लघवीत कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळत असल्याची खूण) नाममात्र. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.६, पूर्वी १ च्या आत असायचं. साखर लघवीवाटे पाणी ओढून नेत होती, वर नागपूरचा उन्हाळा. शरीर सुकलेलं आणि रक्त घट्ट. डी-डायमर (रक्तातली गुठळीची खूण) वाढलेलं आलं, पण कोविडनंतर ते तसंही वाढलेलं असतं, त्यावर भिस्त ठेवता येत नव्हती.

इथे त्या फिजिशियनने घेतलेला निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. गुठळी पक्की करायला शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी करावा लागतो, आणि सुकलेल्या मूत्रपिंडाला ते रंगद्रव्य जड जातं. सीटीसाठी थांबावं तर उपचार लांबतो, लगेच करावा तर मूत्रपिंडाला धक्का. त्याने संशयावरच रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा पूर्ण डोस रात्री दिला, सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं, आणि सीटी दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरल्यावर केला. उजव्या खालच्या भागातल्या एका शाखेत गुठळी निघाली. कोविडचे जुने डाग भरत चाललेले होते. म्हणजे न्यूमोनिया बरा होत होता आणि माणूस खालावत होता.

स्टेरॉइड एकदम तोडलं नाही. जवळपास दोन आठवडे पोटात जात असल्याने तारखा लिहून उतरवत नेलं. नाक-टाळू तपासून घेतलं. म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) केसेस तेव्हा शहरात दिसू लागल्या होत्या, आणि चारशेच्या साखरेवर स्टेरॉइड म्हणजे त्या बुरशीला आमंत्रणच. सुदैवाने काही निघालं नाही.

मी फ्रिजवरची पिशवी मागवली ती तिसऱ्या दिवशी. सुनेने फोटो पाठवले, आधी कागदाचा, मग बिलाचा. बिलावर सहाच ओळी. ती गोळी मिळाली असती तर गुठळी झाली नसती, असं मी म्हणणार नाही. गोळी घेणाऱ्यांतही काहींना होतेच. पण तो फोटो पाहून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

दुसरी सुट्टी

सात दिवसांनी. या वेळी फिजिशियनने काकांना नर्सिंग होमच्याच जिन्यावर नेलं, एक मजला चढवलं, बोटाला ऑक्सिमीटर. ९५ वरून ९२, बसल्यावर दोन मिनिटांत पुन्हा ९५. चालेल म्हणाला. तरी घरमालकांशी बोलून तळमजल्यावरची रिकामी खोली महिनाभरासाठी मागून घेतली. घरमालक सुरुवातीला कचरले, मग स्वतःच कूलर बसवून दिला.

औषधं कागदावर नाही, हातात देऊन पाठवलं. रक्त पातळ करणारी गोळी तीन महिने. इन्सुलिन सुनेला तिथेच टोचायला लावलं, तीन वेळा, नर्ससमोर. साखर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी बघायची. सकाळची चुकली तरी चालेल. ही उलटी सूचना तिला पटवायला वेळ लागला, कारण आयुष्यभर ऐकलेलं वेगळं होतं. मी दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी फोन करायचा ठरलं, आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न "चालून दाखवा".

एक गंमत म्हणावी की काय म्हणावं. काका नर्सिंग होममध्ये असतानाच पहिल्या रुग्णालयाचा यांत्रिक आवाजातला कॉल मुलाच्या फोनवर आला. तब्येत ठीक असल्यास एक दाबा. मुलाने एक दाबला. "मग काय दाबू, सर? दोन दाबलं तं कोण येनार होतं?"

काय झालं शेवटी

जून संपेपर्यंत इन्सुलिन सुटलं, काका गोळ्यांवर आले. ऑगस्टमध्ये रक्त पातळ करणारी गोळी बंद झाली. थकवा मात्र दिवाळीपर्यंत पुरला. जिना ते सप्टेंबरमध्ये एका दमात चढले, सून मागून पायऱ्या मोजत होती. दुसऱ्या भरतीचा खर्च पहिलीच्या निम्म्याहून थोडा जास्त आला. त्यासाठी काय मोडलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुन्हा भरती म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं अपयश, असा समज लोकांत आहे आणि डॉक्टरांतही. मला तो मान्य नाही. सहाव्या रात्री काका घरीच राहिले असते तर पुन्हा भरती 'टळली' असती. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा एक अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये आला होता. कोविडमधून घरी गेलेल्यांपैकी ६० दिवसांत १९.९ टक्के पुन्हा भरती झाले, ९.१ टक्के दगावले. त्यातही पहिले दहा दिवस जास्त घातक, साध्या न्यूमोनिया किंवा हार्ट फेल्युअरमधून घरी गेलेल्यांपेक्षाही. म्हणजे सातव्या दिवसाची ओपीडी हा शिक्का त्या घातक दहा दिवसांच्या शेवटाकडे पडतो. काकांची गोष्ट सहाव्या रात्रीच घडून गेली.

सुट्टीच्या दिवशी आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर? मला वाटतं, चालवून बघणं आणि स्टेरॉइडची शेवटची तारीख, या दोनच गोष्टींत ती खर्चावीत. चालवून ८८ आले असते तरी त्या मुलाने कदाचित घरीच पाठवलं असतं, खाली कारमध्ये ती बाई होती. पण मग घरच्यांना आणि मला ठाऊक असतं की या माणसाचा ऑक्सिजन चालल्यावर पडतो. जिन्यावर ऑक्सिमीटर पिशवीतून बाहेर आलं असतं.

दुकानदाराने "ही रक्ताची गोळी आहे, दुसरीकडून आजच घ्या" एवढं म्हटलं असतं तर? किंवा मीच दुसऱ्या दिवशी बिल मागितलं असतं तर? आता मी मागतो. कुणीही रुग्णालयातून आला, कोविड असो की बायपास, की आधी औषधाचं बिल, मग सुट्टीचा कागद, आणि दोन्हींच्या ओळी मोजतो. लोकांना वाटतं डॉक्टर पैशाची चौकशी करतोय. वाटू दे.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती मोजदादीची. काकांना पहिली सुट्टी झाली त्या संध्याकाळी जिल्ह्याच्या कोरोनामुक्तांच्या आकड्यात ते एक होते. सहा दिवसांनी ते दुसऱ्याच ठिकाणी, 'गुठळी व मधुमेह' म्हणून भरती झाले. त्यामुळे पहिल्या रुग्णालयाच्या लेखी ते आजही बरे होऊन गेलेले रुग्ण आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लाखभर कोविड रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा दोन महिन्यांत ९ टक्के परत आलेले दिसले, पण तेही फक्त त्याच रुग्णालयात परत आलेले. जो दुसऱ्या दारात गेला तो तिथेही मोजला गेला नाही.

त्या निवासी डॉक्टरला मी हे सगळं सांगितलं ते जुलैमध्ये, गर्दी ओसरल्यावर. तो दचकला. "सर, मला तर वाटलं होतं ते मस्त घरी असतील." मग त्याने विचारलं, त्या आठवड्यात त्याने अजून ज्यांना ज्यांना सोडलं त्यांचं काय झालं हे कळायचा काही मार्ग आहे का. नंबर होते त्याच्याकडे. तो आणि मी मिळून एका रविवारी दुपारी फोन लावायला बसलो. अकरांपैकी सात नंबर लावून झाले, सातही उचलले गेले. दोघं पुन्हा भरती होऊन आले होते, दोन्ही वेगळ्या रुग्णालयांत. एका घरी बाईने उचलला आणि "ते नाहीत आता" एवढंच म्हणाली. त्याने पुढचा नंबर लावला नाही. उरलेले चार आम्ही संध्याकाळी लावले.